कपॅसिटरांचं हळदीकुंकू

कीर्तनात बुवांनी पूर्वरंग फार लांबवला की मागच्या रांगेतली मंडळी आपल्या चपला कुठे ठेवल्या होत्या त्याचा मनातल्या मनात अंदाज घेऊ लागतात. मी कायम पुढच्या रांगेत बसतो, पण मागे वळून कोण उठलं ते बघायची मला सवय आहे. त्या अनुभवावरून सांगतो, देह-आत्मा वगैरे नंतर येईलच. आख्यान रेडिओचं आहे, थेट रेडिओवरच येतो.

रेडिओ आमच्या बाबांचा. बाबा उमरेडला हातमागावर करवतकाठी लुगडी विणायचे. एका शेठनं लुगड्यांच्या बदल्यात हा रेडिओ त्यांच्या गळ्यात मारला. बाबांनी तो मागाशेजारच्या फळीवर ठेवला, आणि माग होता तोवर तो तिथंच राहिला. लाकडी पेटी, पुढे सोनेरी जाळीचं कापड, खाली पिवळा उजेड पडणारी काच. सकाळी त्यावर कीर्तन लागायचं आणि धोट्याची खटखट बुवांच्या चिपळ्यांवर पडायची. बुवा द्रुत लयीत आले की त्या दिवशी काठ घट्ट उतरतो, असं बाबा छातीठोकपणे सांगत. कीर्तनाचं वेड मला तिथूनच लागलं. विणकाम मात्र लागलं नाही.

खंडे नवमीला विणकराच्या घरी माग, धोटा, फणी, सगळ्यांची पूजा होते. बाबा त्यात रेडिओही धरायचे. तीही पूजा वरवरची नाही. मागची पुठ्ठ्याची पाटी पेचकसानं स्क्रू फिरवून काढायची, आणि आतल्या एकेका अवयवाला हळदीकुंकवाचा टिका. शेजारपाजारचे हसायचे, याचं नाव तरी माहीत आहे का म्हणायचे. बाबा म्हणत, "नाव नसन माहीत. काम तं करून राह्यला नं तो?"

हे सगळं मी यमुताईकडून ऐकलेलं. यमुताई माझी थोरली बहीण. इतकी थोरली, की तिच्या लग्नात मी रांगत जाऊन तिच्या मुंडावळ्या खायचा प्रयत्न केला होता, असं ती आजही चारचौघांत सांगते. तिच्या लग्नानंतर बाबांनी ती मागची पाटी कधी उघडली नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून ते पेटीच्या कपाळाला बाहेरून एक टिका लावायचे आणि पुढे सरकायचे. वयोमानानं कंटाळा आला असेल, अशी माझी समजूत.

बाबा गेले. माग मोडला. रेडिओ मुका होऊन यमुताईच्या सासरी जाऊन बसला. यंदा पोळा झाल्यावर एका दुपारी ती गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी कडेवर घेऊन आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरी उतरली. मला वाटलं कोणाचं लेकरू आणलं.

"मारोत्या, हे घे," ती म्हणाली. "खंडे नवमीले मी येईन. तोवर हा वाजला पायजे. जिवंत आहे तोवर एकदा त्याची बराबर पूजा करायची आहे मले."

"वाजवू नं ताई. त्यात काय!"

"अन् आतलं काही फेकायचं नाही." तिनं मागची पाटी काढून दाखवली. आत तपकिरी, मेणचट, करंगळीएवढ्या नळ्या तारांवर लोंबत होत्या आणि प्रत्येकीवर काळपट लाल ठिपका होता. "बाबाचा हात लागला आहे याले."

"आणि नाहीच वाजला तर?"

"तं मुका देव घरात ठेवू नये. लाल फडक्यात बांधीन अन् तलावात शिरवून टाकीन. माझ्यामागं त्याले कोण पाहीन?"

माझ्यासमोर बसून माझ्याच घरचा चहा पीत ती हे बोलली. मी आहे, मी पाहीन, असं म्हणावंसं वाटलं. पण ते आता बोलून नव्हे, रेडिओ वाजवून सिद्ध करायचं होतं.

इथे माझी पात्रता सांगणं भाग आहे. मी उभी हयात कोराडीच्या वीज केंद्रात काढली. रजा विभागात. कोणाची अर्जित रजा किती, कोणाची आजारपणाची किती, हे मी झोपेतून उठून सांगत असे. विजेशी माझा संबंध एवढाच, की ती गेली की पंखा बंद पडून माझे कागद उडायचे थांबत. पण नंदनवनात ही गोष्ट कोणाला पटत नाही. गल्लीत कोणाचा मिक्सर बिघडला तरी, "मारोतरावांना विचारा, ते कोराडीचे आहेत." इतकी वर्षं मीही फारसं नाकारलं नाही. माणसाला थोडा मान आवडतो.

म्हणून आधी मी गुपचूप सदर भागातल्या एका रेडिओवाल्याकडे गेलो. त्यानं पाटी काढली, आत फुंकर मारली आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"काका, ये सब कंडेंसर लीक है. अंदर का पूरा कचरा निकाल देता. ब्लूटूथ डाल देता. बाहर से एकदम विंटेज."

"आणि हे कुंकू?"

त्यानं चष्मा पुसून पाहिलं. "कुंकू? काका, ये जंग है."

बाबांच्या पूजेला गंज म्हणणाऱ्या माणसाच्या दुकानात मी पाणीसुद्धा प्यायलो नाही. पण रोग कुठे आहे ते कळलं. त्या मेणचट नळ्या म्हणजेच कंडेंसर ऊर्फ कपॅसिटर. आत कागद आणि वर्ख यांची सुरळी असते, ती वीज थोडा वेळ धरून ठेवते आणि वेळेवर सोडते. कागद म्हातारा झाला की धरवत नाही, गळायला लागतं. हे वाचून मला त्या नळ्यांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

मोबाइलवर शोधता शोधता एक टोपीवाला गोरा म्हातारा सापडला. तो अशाच नळ्या तापवून आतली सुरळी बाहेर ओढायचा, रिकाम्या नळीत नखाएवढा नवा कपॅसिटर बसवायचा आणि दोन्ही तोंडं मेणानं बंद करायचा. वरून पाहाल तर जुनाच. मी थरारलो. कीर्तनात आम्ही जन्मभर ऐकलं की आत्मा जुनं वस्त्र टाकतो आणि नवं घालतो. इथे वस्त्र जुनंच, आत्मा तेवढा नवा! अख्खं शास्त्र उलटं करून दाखवणारा तो म्हातारा मला भलताच आवडला. मी बायकोला हाक मारून दाखवला. चंद्रकला म्हणाली, "त्याले बायको नाही वाटते."

बातमी फुटायला एक सकाळ पुरली. समोरचे शालिकराम तहसील कचेरीतून निवृत्त झाले आहेत, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ते फाटकावर हात ठेवून उभे राहिले.

"मारोतराव, लायसन आहे का?"

"कशाचं?"

"रेडिओचं. पहिले रेडिओले लायसन लागे. पोस्टात भरा लागे. तुमच्या वडलांनंतर वारसाच्या नावानं केलं का?"

"शालिकरामजी, ते कधीच बंद झालं."

"बंद झालं, हे तुमच्याजवळ लेखी आहे का?"

दोन दिवस मी कपाटातले जुने कागद उपसले. तिसऱ्या दिवशी मी रेडिओ वाजवायला कोणाची परवानगी लागते का हे विचारायला पोस्टात गेलो. खिडकीतल्या मुलीनं मला आधी बचत खात्याच्या खिडकीवर पाठवलं, तिथल्यानं पार्सलच्या, आणि पार्सलवाल्यानं पुन्हा त्या मुलीकडे.

"रेडिओ म्हणजे नेमकं काय करायचं आहे काका तुम्हाला? पाठवायचा आहे का?"

"ऐकायचा आहे."

तिनं आजूबाजूला पाहिलं. मग फार मायेनं विचारलं, "तुमच्यासोबत कोणी आलं आहे का?"

मी एकटाच आलो होतो आणि एकटाच परतलो. शालिकराम फाटकावरच होते. "मिळालं का लेखी?" मी म्हणालो, तोंडी मिळालं.

नवे कपॅसिटर मी मोबाइलवरून मागवले. पोचल्याचा निरोप आला, पण डबा काही आला नाही. कंपनीला फोन केला तर एक यंत्र माझ्याशी हिंदीत बोललं आणि माझी समस्या सुटल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. आठवडा असाच गेला. मग शेजारच्या कुसुमताई कोथिंबीर मागायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या गोळ्या माझ्या फ्रीजमदी आहेत. तुमी नव्हते तं मीच घेतल्या. बाप्पा, केवढ्या मोठ्या मोठ्या पिवळ्या! पाण्यासोबत घेता का दुधासोबत?"

माझे कपॅसिटर कुसुमताईंच्या फ्रीजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी आठवडाभर गारठत होते. गल्लीत तोवर मला काहीतरी मोठं दुखणं झाल्याची बातमी पसरली होती. देवळात सायंकाळच्या कीर्तनाला गेलो तर बुवांनी स्वतः तब्येतीची चौकशी केली आणि लोडाला टेकून बसा म्हणाले. मी टेकलो. खरं सांगायचं तर एव्हाना मला टेकायचंच होतं.

घट बसले, आणि मी कामाला लागलो. हे दोन्ही एकाच वेळी व्हायला नको होतं. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात घट आणि अखंड दिवा, दुसऱ्या कोपऱ्यात मी. नळ्या तारांपासून सोडवून, कोणती कुठली ते चिठ्ठ्या लावून, मी ताटात ओळीनं मांडल्या. गोऱ्या म्हाताऱ्याकडे नळ्या तापवायचं वेगळं यंत्र होतं. माझ्याकडे चंद्रकलाचा तवा होता. मंद आचेवर, पापड भाजावा तसं एकेक नळी फिरवायची, मेण सैल झालं की सुरळी ओढायची. पहिली सुरळी अशी अलगद आली, की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

वास मात्र आला. जुनं मेण, जुना कागद आणि धूळ यांचा तो वास शब्दांत सांगता येणार नाही. कुसुमताई पदर नाकाला लावून धावत आल्या.

"कोणतं हवन करून राहिले वं तुमी? माह्या घरातलं मांजर पळालं!"

"हवन नाही कुसुमताई," चंद्रकला म्हणाली, "आमच्या घरी कीर्तनकार पाहुणे येऊन राहिले, त्यांचा घसा शेकून राहिले हे."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सगळ्या नळ्या मोकळ्या झाल्या होत्या. ताटात अशा चकचकीत पडल्या होत्या, की कालच कारखान्यातून आल्या असं वाटावं. मी अभिमानानं ताट चंद्रकलापुढे धरलं.

"पाहा, किती स्वच्छ निघाल्या."

तिनं ताटात पाहिलं, तव्यात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"अन् कुंकू?"

कुंकू तव्यात होतं. बाबांनी लावलेला एकेक ठिपका मेणात रुतून बसला होता, आणि मेण वितळलं तसा तोही वितळला. तव्यावर लालसर तेलकट थारोळं पसरलं होतं. ते आता थिजत चाललं होतं. एकाही नळीवर खूण राहिली नव्हती. आधी एखादी करून पाहावी, हे मला सुचलं नाही. रजा विभागात आम्ही सगळे अर्ज एकदमच निकाली काढायचो.

मी तिथंच पाटावर बसलो. रेडिओ वाजो न वाजो, यमुताईनं जी एक गोष्ट जपायला सांगितली होती ती मी पापडासारखी भाजून टाकली होती. संध्याकाळी उपासाच्या थालीपिठाला कपॅसिटरची चव लागली, तरी चंद्रकला एक शब्द बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्यानं मी जास्त खचलो.

शेवटी तीच म्हणाली, "आता तोंड पाडून काय होते? आधी त्या नळ्या भरा. टिके आपण लावू."

"म्हणजे खोटे?"

"देवीसमोर बसून लावू. कुंकू तं खरं आहे नं?"

या युक्तिवादात कुठेतरी खोट होती, पण ती शोधायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी नळ्यांत नवे कपॅसिटर बसवले, तोंडं मेणानं बंद केली. मग रंगाचा प्रश्न आला. आमच्या डबीतलं कुंकू गुलाबी, बाबांचं काळपट. चंद्रकलानं त्यात हळद घातली, ते केशरी झालं. कात घातला, ते तपकिरी झालं. दिव्याची काजळी घातली तेव्हा कुठे साठ वर्षांपूर्वीच्या कुंकवाजवळ आलो. मी अनामिका बुडवून एकेका नळीवर टेकवली, आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात बाबांची माफी मागितली. बुवांच्या आख्यानात असे प्रसंग राक्षसांच्या वाट्याला येतात.

नळ्या पुन्हा पेटीत जोडताना सोल्डरिंगच्या कांडीनं माझा अंगठा दोनदा भाजला. ते सोडून देतो. एक मोठा डब्यासारखा कपॅसिटर होता, त्याच्याही पोटात नवा घातला. त्याला उलटं-सुलटं असतं, हे टोपीवाल्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं म्हणे. मी ते ऐकत असताना दारावर शालिकराम आले होते.

सप्तमीच्या संध्याकाळी मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पेटीतून आधी घुं असा आवाज आला, मग फटाका फुटावा तसा धडाका झाला, आणि घरभर अंधार. अंधार झाल्याचं दुःख नव्हतं. पण गल्लीच्या तोंडाशी देवीचा मांडव होता, त्याची आरती ऐन रंगात आली होती, आणि ती अर्ध्या ओळीवर लाउडस्पीकरसकट थांबली. मांडवाची वीज माझ्या घरातून नेलेली होती. मंडळाच्या पोरांनी ती मुद्दाम इथूनच घेतली होती, कारण हे घर कोराडीचं.

पाच मिनिटांत माझ्या अंगणात अख्खं मंडळ टाळ-झांजांसकट उभं.

"काका, तुमच्याच घरची कशी गेली?"

"मारोतरावांनीच काही केलं असन," शालिकराम मागून म्हणाले. "लायसन नाही नं त्यायच्याजवळ."

आमच्या घरात अखंड दिवा तेवढा जळत होता. चंद्रकलानं त्याच्यावरून समई पेटवली, मंडळाला ओसरीवर बोलावलं आणि राहिलेली आरती आमच्याच घटापुढे पुरी झाली. मी हात जोडून सर्वांत मागे उभा होतो. मागच्या रांगेतून आरती कशी दिसते ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिथून लोकांच्या चपला खरंच फार स्पष्ट दिसतात.

फ्यूज बांधला गेला. डब्यातला कपॅसिटर मी बदलला, या वेळी सुलटा. अष्टमीला पुन्हा बटण दाबलं. पेटी घुंघुं करत तापली, बंद केली, प्लग काढला, आणि आत सगळं ठीक आहे ना म्हणून मी डब्याला बोट लावलं. असा झटका बसला, की मी पाटावरून थेट कणगीला टेकलो. वीज बंद, प्लग हातात, तरी झटका! धरून ठेवणं हा त्याचा धर्मच आहे, हे मी वाचलं होतं, आता पटलं. पुढच्या वेळी आधी पेचकसानं त्याच्या पोटात साठलेली वीज काढून टाकली, मगच हात लावला.

आणि तिसऱ्या खेपेला काचेत पिवळा उजेड आला. खरखर झाली. खरखरीतून एक माणूस तापमान सांगू लागला. मला त्याचं तापमान कीर्तनाहून गोड लागलं. चंद्रकला पदराला हात पुसत आली, म्हणाली, "बोलते वं माय!" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पेटीच्या मागून आत वाकून तिनं पाहिलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"अहो, हे टिके खालच्या अंगाले काहून गेले?"

मी टेबलावर बसून टिके लावले होते. जोडताना अर्ध्या नळ्या फिरल्या. कोणाचा टिका जमिनीकडे, कोणाचा भिंतीकडे. काही अशा सांदीत गेले होते, की तिथं टिका लावायला माणसाला पेटीत जन्म घ्यावा लागला असता. आता पुन्हा सगळं सोडवायला ना वेळ होता ना अंगठा. मी पाटी लावून टाकली.

खंडे नवमीला सकाळी यमुताई आली. कीर्तन लागायच्या आधी ये म्हणून मी तिला बजावलं होतं, पण बस वाटेत कुठेतरी बसली. पिशवीतून तिनं आधी हळदीकुंकवाची कुयरी काढली, बाबांचा जुना धोटा काढला, आणि मग घडी घातलेलं लाल फडकं काढून मांडीवर ठेवलं. त्या फडक्याकडे मी शक्यतो पाहिलं नाही.

"वाजतो का?"

"वाजतो ताई. लावू?"

"पहिले पूजा. पाटी काढ."

"बाहेरूनच केली तर? बाबाही नंतर बाहेरूनच..."

"पाटी काढ गा मारोत्या."

मी काढली. तिनं चष्मा लावला, उजेडाकडे पेटी वळवायला सांगितली आणि आत पाहत राहिली. चंद्रकला घटाच्या बाजूला उगाच फुलं नीट करत होती. बाहेर फाटकावर शालिकराम आले होते, तेही न बोलता उभे राहिले. यावरून वेळ कोणती होती ते समजा.

"हे टिके कोणाचे?" यमुताईनं विचारलं.

मी पेचकस खाली ठेवला.

"एवढाले? हत्तीनं लावले का? अन् हा खालच्या अंगाले कोण उताणा होऊन लावून आला?"

"ताई," मी म्हणालो, "वितळले. नळ्या तापवल्या अन् सगळे वितळले. नळ्या त्याच आहेत, एकही फेकली नाही. पण बाबाचे टिके गेले. हे माझे आहेत." मी पेटी तिच्याकडे सरकवली. "शिरवायचा असला तर शिरव. पण वाजतो तो."

यमुताईनं चष्मा काढला. लाल फडक्यावर हात फिरवला.

"बाबाचे नव्हते गा ते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बाबाचा हात पाह्यला होता का तू? मागावर बसून बसून बोटं ही अशी झाली होती. या तारांमधून आत जातच नव्हते. एकदा गेलं अन् तारच तुटली. तव्हापासून माहं बोट कुंकवात बुडवे, मनगट धरे, अन् बराबर जागेवर नेऊन टेकवे. याले लाव, आता त्याले लाव, याचं नाव नाही माहीत, पण याले बी लाव. बोट माहं. हात बाबाचा." ती हसली. "लग्न झालं, मी गेली. मंग कोण लावीन आतमदी?"

बाबा पाटी का उघडत नव्हते ते मला इतक्या वर्षांनी कळलं. मी तो त्यांचा कंटाळा समजत होतो.

यमुताईनं कुयरीत बोट बुडवलं. बोट अजूनही बारीक होतं, पण पेटीजवळ नेलं तेव्हा ते इतकं थरथरत होतं की कुंकू तिच्याच पदरावर सांडलं. तिनं हात मागे घेतला.

"धर नं गा," ती चिडून म्हणाली. "पाह्यत काय बसला?"

मी आधी प्लग काढलेला पुन्हा तपासला. पेचकसानं त्या डब्याच्या पोटातलं सगळं काढून टाकलं. मग तिचं मनगट धरलं आणि बोट तारांमधून आत नेलं. पहिली नळी.

"याचं नाव काय?"

"कपॅसिटर."

"अन् याचं?"

"तोही कपॅसिटर."

"सारेच तेच? असू दे. काम करून राह्यला नं?"

"करून राह्यला ताई."

"मंग लाव त्याले."

असं आम्ही एकेकाला लावत गेलो. माझे हत्तीचे टिके तिच्या बारीक टिक्यांखाली आले. खालच्या अंगाला जे गेले होते ते तिनं तसेच राहू दिले. "राहू दे, धरतीमायले झाले," म्हणाली. धोट्याला झेंडूची माळ घातली, पाटी लागली आणि मी बटण दाबलं.

कीर्तन केव्हाच आटोपलं होतं. काच उजळली, घुंघुं झालं, आणि एक गंभीर आवाज शेतकरी बांधवांना कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल सांगू लागला. यमुताई डोळे मिटून, हात जोडून ऐकत होती. मीही हात जोडले. चंद्रकलानं जोडले. फाटकावर शालिकरामांनी चपला काढल्या. 'प्रादुर्भाव दिसताच कामगंध सापळे लावावेत,' असं तो म्हणाला, तेव्हा यमुताईनं रेडिओवर अक्षता टाकल्या. बुवांचा एवढा मान मी कुठल्या उत्तररंगात पाहिला नाही.

माहिती संपली. यमुताईनं मांडीवरचं लाल फडकं उचललं. तिनं त्याची घडी उलगडली, झटकली, आणि रेडिओच्या डोक्यावर नीट पसरून चारी बाजूंनी सारखी केली.

"धूळ बसते," ती म्हणाली. "अन् पुढच्या वर्षी पाटी पहिलेच उघडून ठेवजो. मी आल्यावर पेचकस शोधत नको बसू." मग तिनं हवा हुंगली. "तुह्या घरात कशाचा वास येऊन राह्यला गा?"

चंद्रकलानं माझ्याकडे पाहिलं. मी तव्याकडे पाहिलं.